पट्ट्याखालची नवसाबाई

रंगमंचावर मी पुष्कळदा मेले. विष पिऊन मेले, तटावरून उडी घेऊन मेले, एका नाटकात तर पहिल्याच अंकात मेले आणि उरलेला प्रयोग रंगपटात भजी खात बसले. त्या मरणांची मला कधी भीती वाटली नाही. पडदा पडला की उठायचं, हे ठरलेलं असे. खरी भीती मला शिकवली ती नाशिकजवळच्या मखमलाबादच्या एका मळ्यातल्या बाईने. तिचं नाव नवसाबाई. ती जन्मात कधी रंगमंचावर चढली नव्हती.

नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आमच्या नाटक मंडळीने एक ऐतिहासिक नाटक उभं केलं होतं आणि त्यात राणीचं काम माझ्याकडे होतं. माझं वय पन्नाशीकडे झुकलेलं, पण मंडळीत दुसरी बाई नव्हती, त्यामुळे राणी तरुणच राहिली. दुसऱ्या अंकात राणीने दांडपट्टा फिरवायचा होता. दिग्दर्शक म्हणाले, "मालिनीबाई, नुसते हातवारे नकोत. नाशिकच्या लोकांनी पट्टा पाहिलेला आहे." म्हणून मला मखमलाबादला सावळीराम वस्तादाकडे धाडलं.

वस्ताद म्हणजे कुणी भरदार मिशांचा पैलवान असेल अशी माझी समजूत होती. निघाला एक सडपातळ माळी, झेंडूच्या वाफ्यात वाकून उभा असलेला. मळ्यात झेंडू, शेवंती, मेथी, कोथिंबीर. पहाटे माल गाडीवर घालून नाशिकच्या फुलबाजारात न्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत येऊन अंगणात पट्टा फिरवायचा. पट्टा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोपरापर्यंत हात आत जाईल अशी लोखंडी मूठ, आणि पुढे हातापेक्षाही लांब, लवलवतं, दोन्हीकडून धारेचं पातं. मनगट वळत नाही, म्हणून सगळं अंग वळवावं लागतं. पाय चुकला की पातं चुकतं.

पहिल्याच दिवशी त्याने मला खेळ दाखवला. हातात पट्टा घालून त्याने आवाज दिला, "नवसे, ये गं." घरातून एक काळीसावळी, ठेंगणी बाई पदराला हात पुसत आली, अंगणाच्या मधोमध उताणी झोपली आणि गळ्यावर एक बटाटा ठेवला. पुंजाने, म्हणजे त्यांच्या मुलाने, हलगी वाजवायला घेतली. वस्तादाने उपरण्याने स्वतःचे डोळे बांधले. मग ते पातं तिच्या भोवती असं काही गरगरायला लागलं की मी अंगणातल्या खाटेची कड घट्ट धरून बसले. शेवटी एकच वार. बटाट्याची दोन शकलं दोन बाजूंना पडली. बाई उठली, गळा चाचपलासुद्धा नाही, मला म्हणाली, "ताई, चहात आलं चालतं ना?"

चहा पिताना मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटती ना," ती म्हणाली. "रोज वाटती. पण ती बटाटा ठेवायच्या आधी वाटून घ्यायची. नंतर अंग हलून चालत नाय."

"डोळे मिटून घेता?"

"छ्या. डोळे मिटले की पातं कुठं हाय ते कळत नाय, मग मान हलती. मी सगळं बघत असते. कोणत्या अंगानं आलं, कोणत्या अंगानं गेलं."

त्या घराची रीतच तशी होती. पट्ट्याखाली शिष्याला झोपवायचं तर आधी घरचं माणूस झोपलं पाहिजे. ज्याला स्वतःचं माणूस पात्याखाली ठेवायचा भरवसा नाही, त्याने दुसऱ्याच्या लेकराला ठेवू नये. सावळीरामच्या चुलत्याच्या पट्ट्याखाली चुलती झोपायची. लग्न होऊन आल्यावर चूल आणि पाट्या-वरवंट्यासोबत ही जागाही नवसाबाईच्या वाट्याला आली. पुढे शिष्य झोपायची वेळ कधी आलीच नाही. गावोगावच्या शिवजयंत्या, गणपतीच्या मिरवणुका, जत्रा, सगळीकडे तीच.

दुसरी एक रीत सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. चुलत्याने हा सगळा खेळ त्याच अंगणात शिकवला होता, आणि डावं-उजवं न म्हणता जागांची नावं घेऊन शिकवला होता. अंगणाच्या एका अंगाला मारुतीची घुमटी, दुसऱ्या अंगाला विहीर, तिसरीकडे वाट, चौथीकडे गोठा. "मारुतीला नमन, वाटेला पाय, गोठ्याला पाठ, विहिरीकडून वार." सावळीरामच्या अंगात खेळ असाच बसला होता. परगावी गेलं की विहीरही नाही आणि गोठाही नाही. तेव्हा तो आधी मैदानात उभा राहून चौफेर बघायचा आणि एका दिशेला बोट करून बायकोला म्हणायचा, "मारुती तिकडं." ती त्या दिशेला डोकं करून झोपायची. मग विहीर आपोआप तिच्या उजव्या हाताला यायची, आणि शेवटचा वार नेहमी त्या बाजूने, गळ्यावर आडवा. पात्याचं टोक तिच्या अंगापलीकडे मोकळ्या जागेवर जायचं. हा मनातला मारुती एकदा बसवला की खेळ संपेपर्यंत हलायचा नाही.

माझं नाटक पुढे चाललं, पडलं, मंडळी मोडली. मी नाशिकातच राहिले, पंचवटीत दोन खोल्या घेऊन. मखमलाबादला जाणं मात्र सुटलं नाही. खाटेवर बसून मी त्याचा सराव बघत असे आणि नवसाबाई माझ्यासमोर मेथीच्या जुड्या बांधत असे.

दोन हजार सालानंतर कधीतरी मला पहिल्यांदा ते दिसलं. सराव चालू असताना सावळीरामने गोठ्याला पाठ केली, वळला, आणि विहिरीकडे जाण्याऐवजी पुन्हा मारुतीला नमन केलं. परत तोच घेर, परत नमन. मला हे ठाऊक होतं. आमच्यातले एक थोर नट शेवटच्या वर्षांत तिसऱ्या अंकातून उठून पहिल्या अंकात जायचे. पुढचं वाक्य सापडलं नाही की माणूस सापडणाऱ्या वाक्याकडे परत जातो. आम्ही सगळे निमूट त्यांच्यामागे पहिल्या अंकात जायचो. पण त्यांच्या हातातली तलवार लाकडाची होती.

मी नवसाबाईकडे पाहिलं. तिचे हात जुडीवर थांबले होते. म्हणजे तिला माहीत होतं.

"कधीपासून?" मी हळूच विचारलं.

"मागल्या दिवाळीपासनं. झेंडूला पाणी देऊन हे आले नि परत मोट... मोट कुठली आता, मोटार चालू करायला गेले. फुलबाजारातनं निघाले नि घाटावर रिकामी पाटी घेऊन उभे. बाजारातला एक माणूस घरी घेऊन आला." ती जुडी बांधायला लागली. "डाक्टर म्हणला, हे वाढत जाणार. हाताला सवयीचं काम ठेवा."

"म्हणून पट्टा?"

"पट्टा घातला की त्यांना सगळं आठवतं, ताई. चुलता आठवतो, माझं माहेर आठवतं. काढून ठेवला की मला इचारतात, तू इथं कधी आली?"

त्या दिवसापासून मी तिथे सुखाने बसले नाही. पुंजाला तर झोप नव्हती. तो आईला सरळ म्हणाला, "आई, एक दिवस तुझी मान जाईल."

"गेली तर घरच्याच हातानं जाईल ना. भाड्यानं मारेकरी आणायला नको."

"चेष्टा करू नको."

"मग दुसरं कोण झोपंल? तू वाजवणार. तुझी बायको पोटुशी. शिष्याला झोपवू? कुणाचं लेकरू झोपवू, सांग."

पुंजाने मग चोरून एक उपाय केला. पट्ट्याची धार कानशीने घासून बोथट केली. दुसऱ्या दिवशी सावळीरामने मूठ हातात घातली, पात्यावर अंगठा फिरवला आणि शांतपणे विचारलं, "हे कुणी केलं?" मग तोच म्हणाला, "बोथट पातं बटाट्यावरनं घसरतं. मग कुठं जातं ठाऊक हाय का?" त्याने दुपारभर बसून धार परत लावली. त्या हातांना सगळं आठवत होतं. भीती होती ती पायांची.

आणि मग विंचूरची सुपारी आली. शिवजयंतीला कांद्याच्या बाजारात खेळ ठेवायचा म्हणून तिथले व्यापारी घरी येऊन सुपारी देऊन गेले, आणि सावळीरामने ती घेतली. आठ दिवसांनी तो ते विसरला. पण या लोकांत घेतलेली सुपारी परत देत नाहीत. पुंजा म्हणाला, बटाटा पाटावर ठेवू. नवसाबाई म्हणाली, लोक बटाटा बघायला येत नाहीत. शेवटी टेम्पोत आम्ही चौघं निघालो. मला तिने मुद्दाम बोलावलं होतं. "तुम्ही बसा समोर. तुमच्याकडं बघून मला धीर येतो." मी मनात म्हटलं, बाई, तुम्ही चुकीच्या माणसाकडे धीर मागता आहात.

लिलावाचं आवार त्या दिवशी झाडून ठेवलं होतं, तरी कांद्याची पातळ लाल सालं वाऱ्याबरोबर सगळीकडे उडत होती. पत्र्याच्या शेडखाली, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, भिंतीवर माणसंच माणसं. दुपार कलली होती. सावळीरामने मैदानात उभं राहून चौफेर पाहिलं आणि वजनकाट्याच्या दिशेला बोट केलं. "मारुती तिकडं." नवसाबाईने तिकडे डोकं केलं आणि झोपली. बटाटा ठेवला. मी पुढच्याच खुर्चीवर होते.

सुरुवात देखणी झाली. हलगी कडाडली, पातं उन्हात चमकलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. सावळीरामचा चेहरा तिशीतला झाला होता. मग डोळे बांधायची वेळ आली. उपरणं हातात घेऊन तो एकदा गोल वळला, लोकांना दाखवत, आणि मधेच थबकला. मी त्याच्या नजरेमागे पाहिलं. बाजाराच्या फाटकाजवळ एक छोटं देऊळ होतं. दार उघडं होतं आणि आत ताज्या शेंदराने माखलेला मारुती उभा होता.

सावळीरामने त्याला हात जोडले. उपरणं बांधलं. आणि त्याचे पाय त्या मारुतीकडे वळले.

मला कळायला क्षणभर लागला. खरा मारुती नवसाबाईच्या डाव्या हाताला होता. तिचं डोकं अजून वजनकाट्याकडे. म्हणजे आता सावळीरामची विहीर तिच्या डोक्यामागे गेली होती. शेवटचा वार विहिरीकडून येणार. पातं गळ्यावर आडवं पडणार नव्हतं. कपाळावरून, नाकावरून, हनुवटीवरून उभं उतरणार होतं.

मागच्या रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज मी आयुष्यभर कमावला. तो आवाज त्या वेळी घशातून निघाला नाही. आणि निघाला असता तरी ओरडून काय होणार होतं? डोळे बांधलेला माणूस दचकला असता आणि पातं कुठेही गेलं असतं. पुंजालाही दिसलं. हलगीवरची टिपरी अडखळली. खालून नवसाबाईने एक बोट वर केलं आणि हलवलं. वाजव. पुंजाचा चेहरा रडवेला झाला होता, पण तो वाजवत राहिला. बापाचे पाय त्या ठेक्यावर पडत होते. ठेका थांबला असता तर तो कुठे थांबला असता, कुणालाच सांगता आलं नसतं.

वाटेला पाय. गोठ्याला पाठ. पातं तिच्या छातीवरून सर्रकन गेलं. गालावर चिकटलेलं कांद्याचं साल त्या वाऱ्याने उडालं. लोक टाळ्या वाजवत होते.

मग नवसाबाई फिरली. दोन बोटांनी बटाटा गळ्याशी धरला, गळा जागचा हलू दिला नाही, आणि टाचा मातीत रोवत रोवत पाय फिरवायला लागली. जात्याचा मधला खिळा जागेवर आणि वरची तळी फिरावी तशी. एक पातं वरून जायचं, ती थबकायची. ते गेलं की परत टाचा रोवायची. लोकांना वाटलं हाही खेळातलाच भाग आहे. कुणीतरी "वा रे वाघीण" म्हणालं. तिची साडी धुळीने माखली, एक जोडवं निघून मातीत पडलं. डोकं फाटकाकडे, मारुतीकडे आलं तेव्हा सावळीरामचे पाय विहिरीच्या बाजूला पोचले होते. तिने बटाट्यावरची बोटं काढली. काढली आणि वार आला.

दोन शकलं दोन बाजूंना पडली.

आवार टाळ्यांनी दणाणलं. सावळीरामने उपरणं सोडलं, हसत लोकांना नमस्कार केला, आणि मग खाली पाहिलं. आपण जिकडे डोकं करून झोपवली होती तिकडे आता बायकोचं डोकं नव्हतं. मातीत टाचांनी ओढलेली पाव वर्तुळाची रेघ होती. ती रेघ तो बघत राहिला. फेटा बांधून सत्कार झाला, पेढे वाटले, त्यातलं काही त्याला दिसलं असेल असं मला वाटत नाही.

परतीच्या वाटेवर टेम्पोत सावळीरामने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. मग विचारलं, "नवसे. तू फिरली का मी?"

"तुम्ही फिरला," ती म्हणाली. "मी मागनं आले."

मी रागावले होते. भीती ओसरली की मला राग येतो. मी म्हणाले, "अहो, उठून बाजूला व्हायचं होतं. बटाटा काय सोन्याचा होता?"

"उठले असते तर वार मोकळ्या मातीत बसला असता, ताई. एवढी माणसं हसली असती. परत यांनी पट्टा हातात घेतला असता का?"

सावळीराम ऐकत होता. आम्ही तिघेही विसरलो होतो की तो ऐकतो आहे.

दोन-तीन दिवसांनी मी मखमलाबादला गेले, ते खरं म्हणजे ती जिवंत आहे हे पुन्हा एकदा बघायला. ती अंगणात उताणी झोपली होती आणि तो हातात साधी काठी घेऊन वर उभा होता. मी दारातच किंचाळले असते. ती झोपूनच म्हणाली, "या ताई. काठी हाय. हे अडकतात तिथं मी सांगते."

"उभं राहून सांगा की."

"उभ्यानं मला नाय येत. झोपले की दिसतं, कोणत्या अंगानं येतं ते. लग्नापासनं खालूनच बघितलंय."

आणि खरंच ती सांगत होती. "आता वाटेकडनं. आता खांद्यावरनं जातं. नाय, नाय, नमन झालं मघाशी. आता पाठ." तो शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता. एका ठिकाणी तो थांबला. काठी खाली केली. माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, तुम्ही फिरवाल का? तुम्हाला शिकवलं व्हतं मी. राणीसाठी." ते त्याला आठवत होतं.

"मी? कुणावर?"

तो वाकला आणि नवसाबाईला म्हणाला, "सरक." ती उठून बसली. तिच्या जागी तो झोपला, मारुतीकडे डोकं करून.

"आहो, कपडे मळतील. उठा," ती म्हणाली.

"फिरवा, ताई."

मी काठी घेतली. माझे गुडघे दुखत होते, आणि मला जे येत होतं ते नाटकापुरतं. तरी फिरवली. पहिल्या घेरालाच त्याने डोळे मिटले आणि दोन्ही मुठींनी माती धरली. दुसऱ्या घेराला मान वळवली. मी काठी त्याच्या गळ्यापासून हातभर वर थांबवली, त्याहून खाली आणायची माझी छाती नव्हती. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते.

"एवढं जवळ दिसतं?" तो म्हणाला.

"पातं काठीपेक्षा जवळ असतं," नवसाबाई म्हणाली. "आन् चमकतं."

"कधी बोलली नाय तू."

"बोलले असते तर तुमचा हात हलला असता."

तो उठला नाही. आभाळाकडे बघत पडून राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "पुंजाला सांग, बाभळीचा एक ओंडका आणून ठेव अंगणात. माणसाच्या उंचीचा. पुढच्या सुपारीला तोच न्यायचा."

"लोक नावं ठेवतील," ती म्हणाली.

"ठेवू दे."

नवसाबाईने माझ्या हातातली काठी घेऊन भिंतीला टेकवली. परत आली आणि त्याच्या उशाशी बसून त्याच्या केसांतली माती काढायला लागली. त्याच्या मुठी अजून सुटल्या नव्हत्या.

"मला भ्या वाटतंय गं," तो म्हणाला.

"वाटू द्या," ती म्हणाली. "मी बसलेय हितं."